पहिल्या बाकावरची आई

आमच्या वर्गात पहिल्या बाकावर खिडकीशी जी बाई बसायची, जिची पेन्सिल कायम टोकदार असायची आणि जिच्या डब्याची सगळा वर्ग वाट बघत असायचा, ती माझी आई आहे. खरीखुरी, जन्म दिलेली. आम्ही दोघींनी एकाच वर्गात एकच डिग्री केली, चित्रकलेच्या शिक्षिका व्हायची. हे ऐकलं की लोक गालांवर हात ठेवतात आणि "अय्या, किती गोड!" म्हणतात. गोड काय त्यात? तुम्ही करून बघा एकदा. सकाळी जी बाई तुम्हाला पांघरुणातून ओढून काढते, तीच बाई थोड्या वेळाने तुमच्या पुढच्या बाकावर बसून सरांना विचारते, "सर, कालचं असाइनमेंट बघायचं राहिलं वाटतं तुमचं?" आणि तुम्ही ते केलेलंच नसतं.

याची सुरुवात झाली एन्ट्रन्सचा फॉर्म भरायच्या खिडकीवर. मी कागद हरवते म्हणून आई माझ्यासोबत आली होती. खिडकीतल्या क्लार्ककाकांनी चष्मा कपाळावर चढवला होता. माझं सगळं काम झालं, शिक्का बसला, मी वळले, आणि आई तिथेच वाकून उभी.

"वयाची काही अट असते का हो?"

"हिला कसली अट, कोवळी आहे ती," काका म्हणाले.

"हिला नाही. मला."

काकांनी चष्मा खाली नाकावर घेतला आणि आईकडे नीट बघितलं. मीपण बघितलं. मला वाटलं गंमत करतेय.

"ग्रॅज्युएशन झालंय तुमचं?"

"झालंय की."

"कधी?" हे मी विचारलं. जवळजवळ किंचाळलेच.

झालं होतं. मी शाळेत असताना, घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन. रविवारी ती "मावशीकडे जाऊन येते" म्हणून निघायची ना, ती पेपरला जायची. बाबांना माहीत होतं. मावशीला तर माहीत असणारच. फक्त मला नाही, कारण म्हणे नापास झाली असती तर माझ्यासमोर लाज वाटली असती. म्हणजे माझा गणितातला प्रत्येक मार्क या बाईने शेजारपाजारी सांगितला आणि स्वतःचं आख्खं ग्रॅज्युएशन लपवून ठेवलं!

एन्ट्रन्सला मी तिच्या वर होते. थोडीशीच, पण वर. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे असं फारसं झालेलं नाही.

आई तशी चित्रातलीच. लग्नाआधी आर्ट कॉलेजात होती, ते अर्धवट सुटलं, मग घरी पाट्या रंगवायला लागली. डॉक्टर, वकील, शिवणकामाचा क्लास, 'गेटसमोर गाडी लावू नये', 'कुत्र्यापासून सावध'. आमच्या भागातली निम्मी दारं तिच्या हातची आहेत. बाबांच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी पण तिचीच, आमच्या घराच्या खालीच आहे दुकान. करंगळी टेकवून ती ब्रश असा ओढते की बघणारा श्वास घ्यायचा विसरतो. मी लहानपणी तासन्‌तास बघायचे. तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा नाही, तेव्हा ती माझी होती.

कॉलेजात ती सगळ्यांची झाली. पहिल्याच आठवड्यात वर्गाने तिला "आई" म्हणायला सुरुवात केली. काकू म्हणा, मॅडम म्हणा, काहीही म्हणा ना! नाही, आईच. आमच्यात एक मुलगा होता, त्याला आम्ही ढग म्हणतो, कारण विषय काहीही असो, त्याच्या चित्रात वर ढग येतातच, अगदी फळांच्या चित्रातसुद्धा. हा ढग रोज मधल्या सुट्टीत जायचा आणि "आई, आज काय आणलंय?" म्हणून तिचा डबा उघडायचा. माझ्या आईचा डबा! आणि ती त्याला आधी द्यायची, कारण तो खोली घेऊन एकटा राहायचा. मी म्हटलं, "अगं, ती माझी आई आहे." तर ढग तोंडात घास असताना म्हणतो, "असू दे की, मी कुठे नेतोय? संध्याकाळी परत देतो."

वर तिने पहिल्याच दिवशी भर वर्गात मला "चिंगे, स्केचबुक दे गं" अशी हाक मारली. त्या दिवसापासून मी आख्ख्या कॉलेजची चिंगी. एकदा तर ग्रंथालयातल्या बाईंनी पण हाक मारली.

पण खरं दुखणं वेगळंच. ती चांगली आहे हे मला सहन होत नाही. तिच्या वस्तुचित्रातली किटली सरांनी भिंतीवर लावली. माझी नाही लावली. घरी येऊन मी म्हटलं, "किटलीची चोच जरा मोठी झाली नाही का?" ती लगेच भिंगातून बघितल्यासारखी डोळे बारीक करून म्हणाली, "आणि तुझ्या त्या माणसाचा अंगठा? भेंडीसारखा झालाय."

कारण तीसुद्धा जळते. हे बाहेर कुणाला खरं वाटणार नाही. मॉडेल समोर बसलं की माझा हात सुटतो, मी विचारच करत नाही, रेघ आपोआप पळते. आईचं तसं नाही, ती पाटीवर अक्षर बसवल्यासारखं माणूस बसवते, मोजून, खोडून. अशा वेळी वर्गात ती मागे वळून माझा कागद बघायची, आणि गप्प व्हायची. मग घरी जाताना बसमध्ये पण गप्प. मग स्टॉपवर उतरल्यावर एकदम, "कसा गं सुटतो तुझा हात असा?" आणि तिच्या आवाजात कौतुक असायचं ते चमचाभर, बाकी सगळं दुसरंच काहीतरी. मला कळतं ना, माझ्याही आवाजात तेच असतं.

बाबा आमच्या दोघींच्या मध्ये जेवायला बसतात. ते म्हणतात, "मी तुम्हा दोघींचे चष्मे करून देतो. कुणाला काय दिसावं, ते माझं काम नाही."

आता एक सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेत असताना माझ्या चित्रांना बक्षिसं मिळायची. घरी रांगेने फ्रेम लावलेल्या आहेत त्यांच्या. पण त्यातलं एकही चित्र मी एकटीने काढलेलं नाही. मी काढायचे आणि आई म्हणायची, "आण इकडे, जरा हात फिरवते." आणि हात फिरला की माझं वाकडं घर सरळ व्हायचं, मांजर खरंच मांजर दिसायची. मला आनंद व्हायचा तेव्हा. मोठी झाल्यावर मी एकदा त्या फ्रेमसमोर उभी राहून शोधायला लागले की यातली माझी रेघ कुठली. नाही सापडली. म्हणजे मांजरीची एक मिशी माझी असावी बहुतेक. तीपण खात्रीने नाही.

तर आमच्या या डिग्रीत मेथडच्या, म्हणजे कसं शिकवायचं ते शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या तासाला फळ्यावर एकच नियम लिहिला. मुलाच्या कागदाला शिक्षकाने हात लावायचा नाही. समजवायचं असेल तर बोला, आपल्या कागदावर दाखवा, फळ्यावर दाखवून पुसून टाका, पण त्याचा कागद त्याचा. मी मागच्या बाकावरून आईची पाठ बघत होते. पाठ एकदम ताठ झाली होती.

मग सरावाचे तास सुरू झाले, म्हणजे आपलेच वर्गमित्र लहान मुलं होऊन बसतात आणि आपण त्यांना शिकवायचं. आईचा नंबर आला. ढग चौथीतला मुलगा झाला होता, हत्ती काढत होता, वर ढग होतेच. हत्ती अगदी गरीब झाला होता, बटाट्याला पाय फुटावेत तसा. आई त्याच्याजवळ गेली, वाकली, "असं नाही रे बाळा," म्हणाली, आणि तिला कळायच्या आत पेन्सिल तिच्या हातात.

सर मागून म्हणाले, "मॅडम, हत्ती कुणाचा?"

"याचा."

"आणि सोंड?"

आख्खा वर्ग फुटला. ढग म्हणाला, "सर, राहू द्या, सोंड छान झालीय." आई हसली, पण कानापर्यंत लाल झाली होती. घरी आल्यावर तिने कुकर असा आपटला की बाबा दुकानातून वर आले. आणि मी? मी खूश होते. अभ्यासात, मार्कांत, डब्यात, सगळीकडे पुढे असलेल्या या बाईला एक गोष्ट येत नव्हती, आणि ती मला येत होती. मी कधीच कुणाच्या कागदाला हात लावत नाही. का लावेन? मला माहीत आहे ते काय असतं.

शेवटच्या वर्षी आम्हाला खऱ्या शाळेत पाठवतात. आमच्या गटाला मिळालेली शाळा बस डेपोच्या मागे आहे. बाहेरून काही विशेष नाही, पण तिथली चित्रकलेची खोली! मी आत गेले आणि दारातच उभी राहिले. एका बाजूला पूर्ण भिंतभर खिडक्या, उन्हाची तिरीप आत येत नाही, नुसता उजेड येतो. मोठी लाकडी टेबलं, वर्षानुवर्षांच्या रंगांनी डागाळलेली. ब्रश धुवायला लांब मोरी, कोपऱ्यात ओल्या मातीचं झाकण असलेलं पिंप. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात कपाटं लावून टाकली. इथे कागद, इथे रंग, इथे माझी खुर्ची. मागे वळले तर आई पण दारात उभी. तिच्या डोळ्यांत पण कपाटं लागत होती. मला स्पष्ट दिसलं.

आणि त्याच आठवड्यात सर म्हणाले, "इथले चित्रकलेचे सर रिटायर होतायत. मोठ्या बाईंना तुमच्यातलंच कुणीतरी हवंय. शेवटच्या पाठाला त्या स्वतः मागे बसतील आणि ठरवतील."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंच, हळू बोलणाऱ्या, चपलेचा आवाज न होणाऱ्या. गटात आम्ही पाच जण. ढगला ॲनिमेशनमध्ये जायचं होतं, बाकी दोघी आपापल्या गावी परत जाणार होत्या. उरलं कोण?

रात्री जेवताना कुणीच बोलेना. शेवटी बाबा म्हणाले, "काय झालं? कुणी गेलं का?"

"एक जागा आहे," मी म्हटलं.

"मग छान की. कुणाला हवीय?"

"मला," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

बाबांनी ताटात बघितलं आणि म्हणाले, "आमटी छान झालीय."

मला ती जागा का हवी होती ते सांगते. पगार वगैरे ठीक आहे. पण माझ्या आयुष्यात अशी एक गोष्ट हवी होती जिच्यावर आईचा हात फिरलेला नाही. ती खोली, तो उजेड, तिथली मुलं, सगळं माझं, पहिल्यापासून. आणि या बाईने तिथेही यावं? हिला घर आहे, नवरा आहे, पाट्या आहेत, आख्खा वर्ग आईआई करत मागे फिरतो. अजून किती पाहिजे माणसाला? मी हे तिला बोलूनपण दाखवलं. ती कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात धरूनच म्हणाली, "तुला तर आख्खं आयुष्य पडलंय. मला किती पडलंय?"

"म्हणजे मी सोडायची?"

"मी कुठे म्हटलं सोड? लढ की. मी पण लढते."

आणि ती लढत होती बरं का. शाळेतल्या रोजच्या तासाला तिची सवय काही सुटत नव्हती, हात कागदाकडे जायचाच. मग ती हात मागे बांधायची, खिशात घालायची, एकदा तर स्वतःच्याच हातावर फटका मारला आणि मुलं घाबरली. सर नुसते बघायचे. मी मनात म्हणायचे, शेवटच्या पाठाला ही घसरणार. नक्की घसरणार. देवा, घसरू दे. हो, असं म्हटलं मी, स्वतःच्या आईबद्दल. तिनेही माझ्याबद्दल काहीतरी म्हटलंच असणार.

माझा पाठ आधी होता. सहावीचा वर्ग, विषय 'पळणारा प्राणी'. मी आठवडाभर तयारी केली होती. फळ्यावर खडूने पळता घोडा काढून दाखवायचा, कुठला पाय कधी उचलला जातो ते सांगायचं, मग मुलांनी आपापला प्राणी काढायचा. मी खडू आडवा धरला आणि हात सुटला. काय सुटला म्हणून सांगू! मान, पाठ, पोट, उडालेली आयाळ, एका दमात. मागच्या टेबलावरून "ओऽऽ" असा आवाज आला, मग टाळ्या. एक मुलगा उठून उभाच राहिला. मोठ्या बाई मागे बसून हसत होत्या. आईकडे मी मुद्दाम बघितलं. ती निरीक्षणाला मागे बसली होती. तिचा चेहरा... मी वर्षभर त्या चेहऱ्याची वाट बघत होते.

आता नियम असा की मुलांनी सुरू करायच्या आधी फळा पुसायचा. मी डस्टर उचललं पण.

"ताई, पुसू नका ना!" सगळ्या वर्गाचा गलका. "ताई, राहू द्या ना, प्लीज, किती भारी आहे!"

आणि माझा हातच धजेना. एवढा चांगला घोडा मी याआधी कधी काढला नव्हता. मी डस्टर खाली ठेवलं.

पुढचा तास कसा गेला कळलं नाही. मी टेबलाटेबलांमधून फिरले, बोलले, हसवलं, एकाही कागदाला बोट लावलं नाही. शेवटी सगळी चित्रं भिंतीशी मांडली. मोठ्या बाई उठल्या आणि बिनआवाजाच्या चपलांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या.

"छान आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे घोडे एकाच तबेल्यातले दिसतात."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. कुत्रा नाही, ससा नाही, कोंबडी नाही. विषय पळणारा प्राणी, आणि भिंतभर घोडेच घोडे. सगळे डावीकडे पळणारे. सगळ्यांची आयाळ एकाच वाऱ्याने उडालेली. एकाने तर मी घाईत मागचा खूर अर्धवट सोडला होता तोपण तसाच अर्धवट काढला होता. मी एकाही कागदाला हात लावला नव्हता, आणि सगळ्या कागदांवर माझाच हात होता.

आई मागून आली, खांद्यावर हात ठेवला. मी झटकला.

मग तिचा पाठ. तोच वर्ग, दुसऱ्या दिवशी. विषय काय, तर 'माझा बूट'. एक बूट काढा, टेबलावर ठेवा, बघा आणि काढा. मी मनात म्हटलं, काय हा विषय! मुलं एका पायात बूट घालून लंगडी घालायला लागली, नुसता धिंगाणा. आई शांतपणे कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेली, झाकण काढलं आणि ओल्या मातीचा मोठा गोळा उचलला. दोन्ही हातांनी मळायला लागली. मनगटापर्यंत हात चिखल.

"बाई, आज मातीकाम आहे?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हाला नाही. हे माझे हातमोजे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही काढा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी बाकावर सरळ बसले. असले हात घेऊन ती कुणाच्या कागदाला शिवूच शकत नव्हती! पूर्ण तास ती तो गोळा मळत टेबलांमधून फिरत होती, पीठ मळत घरभर फिरावं तशी. फळ्यावर एक रेघ नाही.

खिडकीशी एक मुलगी होती, बारीकशी. तिने काढलं, खोडलं, काढलं, खोडलं, आणि मग पेन्सिल टाकून रडायला लागली. आई गेली तिच्याकडे. मी मागून मान उंच करून बघितलं. बूट अगदी होडीसारखा झाला होता.

"बाई, मला नाही येत. तुम्ही काढून द्या ना."

आईचा गोळा मळायचा थांबला. मला तिची पाठ दिसत होती, खांदा पुढे झुकला, मी तो खांदा ओळखते, जन्मापासून ओळखते. आता ही हात पुसणार. आता म्हणणार, आण इकडे.

तिने हात वर केले. "हे बघ माझे हात. कागदाची वाट लागेल."

"मग सांगा तरी."

"बरं, हा बूट तुला चावतो का कुठे?"

मुलीने नाक ओढलं. "हो. इथे. अंगठ्यापाशी."

"मग तिथे तो फुगलाय का बघ."

मुलगी बघायला लागली. खरंच बघायला लागली, बूट हातात घेऊन, फिरवून, आत नाक घालून. मग पेन्सिल उचलली आणि अंगठ्यापाशी एक फुगा काढला. वाकडा. पण तो बूट झाला. होडीचा बूट झाला, आणि तोही दुसऱ्या कुणाचा नाही, तिचाच, अंगठ्याला चावणारा. ती हसली. आईपण हसली, आणि पुन्हा माती मळत पुढे गेली.

मी तिथे मागे बसून होते आणि माझे डोळे भरून आले होते. आणि ते कौतुकाने नाही हं, उगाच गैरसमज नको. मला त्या मुलीचा इतका हेवा वाटला, इतका, की उठून तिचा बूट खिडकीबाहेर फेकून द्यावा असं वाटलं. तिचा वाकडा फुगा माझ्या आईने तसाच ठेवला होता. मला का नाही असं विचारलं कधी? माझ्या मांजरीला कुठे काय होतंय, हे मला का नाही विचारलं? किटलीचा, डब्याचा, ढगचा, सगळ्यांचा मिळून जेवढा हेवा वाटला नव्हता तेवढा त्या रडक्या पोरीचा वाटला.

भिंतीशी बूट मांडले तर एक बूट दुसऱ्यासारखा नव्हता. झिजलेले, फाटलेले, नवेकोरे, एकाची जीभ बाहेर लोंबलेली. मोठ्या बाई त्यांच्यासमोर खूप वेळ उभ्या राहिल्या. मला तेव्हाच कळलं.

जागा आईला मिळाली. सरांनी कॉरिडॉरमध्ये सांगितलं, आम्हा दोघींना एकत्रच, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ढगने आईला उचललंच. मी "अभिनंदन" म्हटलं आणि बसने एकटी निघून आले.

घरी बाथरूममध्ये कोंडून घेऊन मी रडले. बाहेरून आई म्हणाली, "चिंगे."

"काय?"

"रड, पण नळ बंद करून रड. टाकी संपेल."

मी दार उघडलं. ती तिथेच जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, गुडघे दुखतात तरी. मी सरळ विचारलं. मनात आलं आणि विचारून टाकलं, मला थांबता येत नाही.

"आई, माझ्यासाठी सोडशील?"

मला वाटलं ती लगेच हो म्हणेल. आया म्हणतात ना. निदान रडेल, निदान विचार तरी करेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही."

"नाही?"

"नाही गं. मला हवीय ती. मी तुझ्याएवढी होते तेव्हापासून हवीय. तुला वाईट वाटेल, मला माहितीय. मला पण वाटतंय. तरी हवीय."

मी खोलीचं दार आपटलं. बाबा मध्ये काहीतरी बोलायला आले, त्यांच्यावर पण आपटलं. मग बरेच दिवस, परीक्षा होऊन आई शाळेत रुजू झाली तरी, मी तिच्याशी कामापुरतं बोलले. मीठ दे. रिमोट कुठाय. ती रोज सकाळी नवी बॅग घेऊन निघायची, केस नीट विंचरून, आणि मी पांघरुणातून एक डोळा उघडून बघायचे. मला उठवायला तिला आता वेळ नसायचा. याचापण राग आला.

पण एक सांगू? त्या "नाही"चा विचार करता करता माझा राग कुठेतरी जाऊन अडकला. तिने सोडली असती ना, तर मी आयुष्यभर त्या खोलीत तिने दिलेल्या खुर्चीवर बसले असते आणि तिला माफ केलं नसतं. आता निदान ती जिंकली आणि मी हरले, सरळ हिशोब. मला ती अजूनही आवडत नाही, म्हणजे पहिल्या बाकावरची ती. घरातली आवडते. घरात पण रोज नाही.

मी दुसरीकडे अर्ज केले. काल एका शाळेतून फोन आला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागतं. चित्रकलेची वेगळी खोली नाही, मोरी नाही, पिंप नाही, वर्गावर्गात आपणच सामान घेऊन फिरायचं. त्यांनी माझी पळत्या माणसांची स्केचेस बघितली होती आणि म्हणाले, सोमवारपासून या.

आई शाळेतून आली तेव्हा मी मुद्दाम टीव्ही बघत बसले. बाबांनीच सांगून टाकलं.

"अय्या! मिळाली?" तिने बॅग सोफ्यावर टाकली. "कुठले वर्ग दिले?"

"अकरावी-बारावी," मी टीव्हीकडे बघत म्हटलं. "मोठी मुलं आहेत. लाइफ ड्रॉइंग शिकवायचंय. मॉडेल बसवून."

ती सोफ्याच्या कडेवर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"मॉडेल बसवून?"

"हो ना. आठवड्यातून दोनदा."

"आमच्याकडे नुसते बूट आणि फुगे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मोठ्या मुलांचा हात चांगला असतो नाही? शिकवायला मजा येत असेल." आणि मग आणखी जरा वेळाने, "तिथे अजून एखादी जागा आहे का गं?"

मी तिच्याकडे वळून बघितलं. तिचा चेहरा साफ पडला होता. देवाशप्पथ, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी उठले आणि दोघींसाठी चहा टाकला.